आधी नाल्या उपसा


‘वर्षभर खड्डे बुजवले, तरी शहर खड्ड्यातच’ हे पत्र वाचले. चीड रास्त आहे, पण ती भलत्याच दारात ओतली आहे. गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकात मिळणारे मोठे रस्ते ३५३-सी आणि ९३० हे राष्ट्रीय महामार्ग. त्यांच्यासाठी नगर परिषदेला शिव्या घालून काय उपयोग? आतल्या गल्ल्यांचा जाब मात्र तिलाच विचारावा.

पावसाळ्यात मुरूम टाकणे ही धूळफेक, असे पत्रलेखक म्हणतात. ओल्या खडीला गरम डांबर धरतच नाही, म्हणून पावसाळा सरेपर्यंत मुरूम. खरी कामचुकारी होते मे महिन्यात, नाल्या उपसायच्या वेळी. नाली तुंबली की पाणी साइडपट्टीवर साचते, भरावात मुरते, आणि वरून जड ट्रक गेला की डांबराचा थर पापडासारखा फुटतो. शिवाय नळजोडणीसाठी रस्ता फोडून वर नुसती माती लोटणारे आपणच! दिवाळीनंतर डांबरीकरणाचे फोटो छापून येतात; नाली उपसणाऱ्या मजुराचा फोटो कोणी पाहिला? येत्या मे महिन्यात पत्रलेखकांनी आपल्या वॉर्डातली नाली उपसली की नाही, ते जरूर कळवावे. माझ्या वॉर्डाचे मी कळवीन.

— एक वाचक, गडचिरोली