सरासरी आणि पसारा

ज्याच्या तोंडी ‘सरासरी’ हा शब्द वारंवार येतो, त्या माणसाला मी कर्जासाठी जामीन राहणार नाही. बी.कॉम.ला सांख्यिकीच्या पेपरात मी जेमतेम सुटलो, म्हणून हा राग, असं आमच्या हिचं मत आहे. असेलही. पण एप्रिल महिन्यात आमच्या शाखेत काय घडलं ते आधी ऐका.

मुंबईहून एक साहेब तपासणीला आले. हातात घड्याळ धरून त्यांनी दोन काउंटरांवरच्या पाच-पाच गिऱ्हाइकांची वेळ मोजली. शेजारच्या काउंटरवर ३, ४, ४, ४ आणि ५ मिनिटं. माझ्याकडे १, १, १, १ आणि १६. दोन्हीकडे बेरीज २०, सरासरी ४. साहेबांनी शेरा मारला : ‘दोन्ही काउंटर समान कार्यक्षम.’

तुम्ही म्हणाल, शेरा तुझ्या फायद्याचा, मग तू का कोकलतोस? कारण ती १६ मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत. ती एका पेन्शनर आजोबांची होती. हात थरथरतो, सही जुळत नाही. ‘पुन्हा करा, आजोबा.’ ‘अजून एकदा.’ आजोबा उभेच. शेजारी कोणीही गेला तरी ४ मिनिटांच्या आगेमागे सुटतो. माझ्याकडे ४ मिनिटं लागलेला एकही इसम नाही! अशी ही सरासरी, जी कोणाच्याच वाट्याला आली नाही. बरं, ओळीतला मधला आकडा घ्या, पुस्तकातला मध्यक. शेजाऱ्याचा ४, माझा १. म्हणजे आता तर मी चौपट चलाख! आजोबा यातूनही गायबच.

त्यांना शोधायचं तर पसारा मोजावा लागतो. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते बघायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. याला प्रमाण विचलन असं भारदस्त नाव आहे. (ते ऐकूनच मी परीक्षेत गारठलो होतो.) शेजाऱ्याचं भरलं सुमारे ०.६ मिनिट, माझं ६. जवळजवळ दहापट! म्हणे समान!

हे सांगायला गेलो, तर साहेब रुमालानं मान पुसत होते.

“काय हो हे तुमच्या पुण्याचं ऊन!”

“ऊन कसलं, साहेब? एप्रिलात पुण्याला दुपारी साधारण ३८ अंश, पहाटे २०. मुंबईला ३३ आणि २५. दोन्हीकडची सरासरी २९. खोटं वाटत असेल तर शिवाजीनगरला शिमला ऑफिसात विचारा. दोन्ही शहरं समान!”

“अहो, पण मी दुपारी आलोय ना!”

“आजोबांचंही तेच म्हणणं आहे, साहेब.”

साहेबांनी थंड पाणी मागवलं. शेरा तसाच राहिला.

सरासरीवरून वाद घालणं पुण्याला नवीन नाही, आणि सगळेच वाद माझ्यासारखे चिल्लर नव्हते. गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यरेषा मांडली, ती माणशी रोजच्या सरासरी २२५० कॅलरींवर. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली. निरोगी माणसाची गरजही माणसागणिक आणि दिवसागणिक कमीजास्त होते. सरासरीच्या खाली तो उपाशी म्हटलंत, तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतील. रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली हवी. दांडेकरांना हे पटलं नाही. विरोधकांचं म्हणणं, रेषा खाली ओढलीत की गरीब कागदावरूनच नाहीसे होतात. दोन्ही बाजूंना हाडाचे विद्वान. तिथे माझ्यासारख्या कारकुनानं बोलू नये, पण बोलतो. गणित सुखात्म्यांचं बिनचूक, आणि भीती विरोधकांची खरी. पसारा मोजायचा तो टोकाचा माणूस सापडावा म्हणून. त्याला यादीतून उडवण्यासाठी तोच वापरला, तर माझे आजोबा पुन्हा गायब!

पुढच्या एक तारखेला आजोबा आले. या खेपेला मी आधी खुर्ची दिली आणि धीर द्यावा म्हणून म्हणालो, “काळजी करू नका, आजोबा. आमच्या काउंटरची सरासरी ४ मिनिटं आहे.”

आजोबांनी चष्मा पुसला आणि पासबुक पुढे सरकवलं.

“मग मागच्या महिन्यातली माझी १२ मिनिटं कुणाच्या खात्यात जमा केलीत?”