विश्लेषण : पेटंटची संख्या वाढली, पण परीक्षण न्याय्य होते का?

भारतीय पेटंट कार्यालयाने २०२३-२४ या आर्थिक वर्षात एक लाखाहून अधिक पेटंट दिली. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे ३४ हजार होता. रखडलेले अर्ज मार्गी लागले, हे चांगलेच. पण या वेगात प्रत्येक अर्जाची छाननी नीट झाली का? संगणकाशी संबंधित शोधांबाबत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पेटंट कसे मिळते?
शोध नवा आहे का, त्या क्षेत्रातील जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा तर नाही ना आणि उद्योगात वापरता येईल का, हे परीक्षक तपासतो. त्याच्या आक्षेपांना अर्जदार उत्तर देतो. अंतिम निर्णय नियंत्रकाचा असतो. पेटंट मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे त्या शोधावर मालकाचा एकाधिकार राहतो.

सॉफ्टवेअरबाबत वाद काय?
पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. सारा वाद ‘निव्वळ’ या शब्दाभोवती आहे. फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोग्रामसोबत नवे हार्डवेअर असण्याची कसोटी होती. जून २०१७ मध्ये ती वगळली गेली. कायदा तोच, पण दीड वर्षाच्या आत कसोटी बदलली. शोधातून तांत्रिक परिणाम साधतो का, हे पाहावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले. अल्लानी यांचा भारतातील अर्ज २००२ चा होता. पेटंट मंजूर झाले २०२० मध्ये, तोवर त्याची २० वर्षांची मुदतच संपली होती.

चुकीच्या निर्णयाचा फटका कोणाला?
अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे पुढे चुकीचा नकार मिळाला, तर कल्पना जगजाहीर झालेली असते आणि हक्क मात्र नसतो. उलट, जुन्याच कल्पनेला पेटंट मिळाले तर नवउद्योगांना नोटिसा येतात. न्यायालयात लढण्यापेक्षा परवाना शुल्क भरणे स्वस्त पडते आणि तो भार ग्राहकावर येतो. नकाराविरुद्ध अर्जदार अपील करतो. चुकीची मंजुरी मात्र कोणी पदरमोड करून आव्हान देईपर्यंत तशीच राहते.

सामान्यांना विरोध करता येतो का?
होय. मंजुरीपूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो. मंजुरीनंतर वर्षभरात केवळ हितसंबंधित व्यक्ती. मात्र २०२४ च्या नियमांनी मंजुरीपूर्व विरोधाला शुल्क लावले आणि तो दाखल करून घ्यायचा का, हे आधी नियंत्रक ठरवतो. अर्ज रखडवण्यासाठी होणाऱ्या विरोधाला त्यामुळे आळा बसेल. पण रुग्णसंघटना, संशोधक यांच्यासाठीही दार अरुंद झाले.

उपाय काय?
शोध सहज सुचण्यासारखा आहे म्हणून नाकारताना आधीचे ज्ञान कोणते आणि त्यावरून हा शोध कसा सुचला असता, हे सांगावे लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. हीच शिस्त मंजुरीलाही हवी. पेटंट का दिले, हे थोडक्यात नोंदवले, तर अर्जदाराला आणि स्पर्धकाला निर्णय पारखता येईल. किती पेटंट दिली यापेक्षा त्यातील किती आव्हानानंतर टिकली, यावरून कार्यालयाचे काम मोजायला हवे.