खटका लावला, पण ओढून पाहिला का?



दोंडाईच्याच्या मिरची बाजारात ज्यांनी पाठीवर पोती वाहिली आहेत, त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका काय चीज आहे हे सांगायला नको. ट्रॉली चढावर लागली की सगळा भार मागे सरकतो आणि त्या फाळक्यावर येतो. फाळक्याला धरून ठेवतात दोन बाजूंच्या दोन लोखंडी खिट्ट्या. आमचे वडील या बाजारात हमाली करीत. खिट्टी बसवली की ते ती हाताने एकदा ओढून पाहत आणि मगच ड्रायव्हरला हाक देत. लहानपणी आम्हाला याचे हसू येई. बसलेली खिट्टी पुन्हा ओढायची कशाला? वडील म्हणत, "बसेल दिसस म्हंजे बसेल शे अस नही." बसलेली दिसते म्हणून ती बसलेली असतेच असे नाही.

वडिलांचे हे वाक्य यंदा मिरचीच्या हंगामात आम्हाला फार आठवले. निमित्त झाले आमच्या भाच्याचे. तो विमानात लागणारे जेवण तयार होते अशा एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला आहे. शहराचे आणि कंपनीचे नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण त्याची नोकरी अजून चालू आहे. सुरतेकडून येणाऱ्या गाडीने तो पहाटे दोंडाईचा स्टेशनावर उतरला तेव्हा डाव्या हाताच्या अंगठ्याला भली मोठी पट्टी होती. आमची बहीण ते पाहून दारातच खाली बसली. "भाऊ, तुम्हीच सांगा त्याला, ती नोकरी सोड म्हणा," असे ती आम्हाला म्हणू लागली. भाचा म्हणाला, "आई, नोकरीनं नाही, एका खटक्यानं झालं हे."

एवढ्याशा खटक्याने एवढे काय होते, हे त्याने आम्हाला दोन संध्याकाळी बसून समजावले. आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली आता विमानतळावर, हॉटेलात, मालाच्या गोदामात काम करतात. त्यांच्या घरच्यांनाही हे कळावे म्हणून ते सारे इथे लिहीत आहोत.

विमानात पहिले जेवण मिळाले ते 11 ऑक्टोबर 1919 रोजी. हँडली पेज या कंपनीच्या लंडन ते पॅरिस विमानात 3 शिलिंगांना जेवणाचा डबा विकला गेला. तेव्हा प्रवासी मूठभर, त्यामुळे डबा हातात नेऊन दिला की काम भागे. पुढे विमाने मोठी झाली. एअर इंडियाचे पहिले मुंबई-लंडन विमान 8 जून 1948 रोजी उडाले, आणि 1971 साली त्याच कंपनीकडे बोइंग 747 जातीचे पहिले महाकाय विमान आले. त्याचे नाव ठेवले होते 'एम्परर अशोका'. अशा विमानात तीन-साडेतीनशे माणसे बसतात. एवढ्यांना हातात तबक धरून वाढायचे म्हटले तर प्रवास संपेल, पण पंगत संपणार नाही. म्हणून चाकांची जेवणगाडी आली. कामगार तिला ट्रॉलीच म्हणतात.

ही ट्रॉली म्हणजे चाकांवरचे एक अरुंद अॅल्युमिनियमचे कपाट. रुंदी साधारण 30 सेंटिमीटर, लांबी 80 सेंटिमीटर, उंची एक मीटरहून थोडी अधिक. रुंदी इतकी कमी, कारण खुर्च्यांच्या रांगांमधली वाटच चिंचोळी असते. आत दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात आणि त्यांवर तबके सरकवतात. तबकाच्या मापाप्रमाणे एका ट्रॉलीत 28 ते 42 तबके मावतात. अन्न थंड राहावे म्हणून वरच्या कप्प्यात सुका बर्फ ठेवतात. हा बर्फ शून्याखाली 78 अंश इतका थंड असतो, उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. मोठ्या ट्रॉलीला पुढे आणि मागे अशी दोन दारे असतात, म्हणजे दोन माणसे दोन्ही टोकांनी वाढू शकतात. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या घरात जाते.

1969 च्या सुमारास युरोपातल्या काही विमान कंपन्यांनी एकत्र येऊन या वस्तूंची मापे ठरवली. त्या गटाचे नाव 'अॅटलास'. दुसऱ्या एका गटाचे नाव 'केएसएसयू'. आजही कामगाराला ट्रॉली दिली की तो आधी विचारतो, ही अॅटलासची की केएसएसयूची? कारण एका मापाची ट्रॉली दुसऱ्या मापाच्या खणात नीट बसत नाही.

आता खटक्याकडे येऊ. ट्रॉलीच्या दारावर एक मूठ असते. ती दारात आत दबलेली असते, म्हणजे येता-जाता कोणाच्या कपड्यात अडकू नये. मूठ फिरवली की आतला बोल्ट सरकतो आणि चौकटीच्या भोकात शिरतो. बोल्टाचे तोंड तिरपे, मागे स्प्रिंग, त्यामुळे दार ढकलले की 'खट्' असा आवाज होऊन ते आपोआप बसते. आपल्याकडे खटका हा शब्द आला तो त्या आवाजावरूनच. याच खटक्याला एक भोक असते. ट्रॉली भरून झाली की त्यातून नंबर असलेले प्लास्टिकचे सील ओवतात. विमानातले कर्मचारी तो नंबर कागदाशी ताडून पाहतात. सील म्हणजे कुलूप नव्हे. ते दार धरून ठेवत नाही. मध्ये कोणी दार उघडले होते का, एवढेच ते सांगते.

ट्रॉलीला खाली दोन पायपट्ट्या असतात. लाल दाबली की चाके अडतात, हिरवी दाबली की सुटतात. विमानाच्या स्वयंपाकखोलीत ट्रॉली आपल्या खणात गेली की वरून लाल रंगाचे फिरते आडणे येतात, आणि तेही बहुतेक ठिकाणी दोन असतात. आम्ही विचारले, "एक पुरत नाही का?" भाचा म्हणाला, "मामा, एक कडीवर भरोसा नही ठेवतस तठे."

का ठेवत नाहीत? त्याचा हिशेब ऐका. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी आणि युरोपीय नियमांत असे धरले आहे की, विमान आपत्तीत एकाएकी थांबले तर आतली प्रत्येक जड वस्तू आपल्या वजनाच्या 9 पट जोराने पुढे जाऊ पाहते. खालच्या दिशेने 6 पट, वरच्या दिशेने 3 पट. म्हणजे शंभर किलोची ट्रॉली त्या क्षणी नऊ क्विंटलची होते. बाजार समितीच्या काट्यावर नऊ क्विंटल म्हणजे किती पोती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तेवढा भार त्या लाल आडण्यांनी धरायचा असतो. म्हणून विमान जमिनीवर चालताना, उडताना आणि उतरताना प्रत्येक ट्रॉली खणात आणि आडण्यात असलीच पाहिजे, असा नियम आहे.

पण वाढताना ट्रॉली खणाबाहेर असते. तेव्हा तिला धरणारे दोनच, खालचा ब्रेक आणि दाराचा खटका. विमान वर आकाशात सरळ उडताना दिसते तेव्हाही त्याचे नाक किंचित वर असते, म्हणजे आतली वाट हलक्या चढाचीच असते. शिवाय हवेचा काही नेम नाही. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे विमान म्यानमारवरून जात होते. 211 प्रवासी, 18 कर्मचारी. न्याहारीची वेळ होती. एकाएकी हवेचा जबर झोत लागला आणि पाच सेकंदांच्या आत विमान सुमारे 54 मीटर खाली आले. ज्यांनी पट्टा बांधला नव्हता ते उडून छताला आपटले. 73 वर्षांचे एक प्रवासी दगावले, कित्येक जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावे लागले. जिथे माणूस छताला जातो, तिथे उघड्या दाराच्या ट्रॉलीतली तबके कुठे जातील याचा विचार वाचकांनीच करावा.

आता भाच्याचे काय झाले ते ऐका. विमानातून परतलेल्या ट्रॉल्या यंत्रात गरम पाण्याने धुतात. रोजच्या धुण्याने खटक्यातले वंगण निघून जाते. रात्रीच्या घाईत ट्रॉल्या एकमेकींवर आदळतात, दाराचा कोपरा वाकतो, मग बोल्ट भोकासमोर येतच नाही. मूठ फिरते, 'खट्' असा आवाजही होतो, पण बोल्ट कडेलाच टेकलेला असतो. भाच्याच्या पाळीत अशी एक ट्रॉली होती. त्याने दोनदा नोंदवहीत तिचा नंबर घालून तक्रार लिहिली होती, वर लाल चिठ्ठीही बांधली होती. त्या रात्री ट्रॉल्या कमी पडल्या. वरचा माणूस म्हणाला, "आजची रात्र काढ, उद्या बघू." चिठ्ठी निघाली. भाच्याने दाराला चिकटपट्टी लावली आणि ट्रॉली गाडीत चढवली.

ही गाडी विमानाच्या दारापर्यंत वर उचलली जाते, तिला ते हायलिफ्ट म्हणतात. वर जाताना झोका बसला, ट्रॉली सरकली, पट्टी सुटली, दार उघडले, तबके बाहेर आली. भाच्याने सवयीने हात पुढे केला आणि दार व चौकट यांच्या मध्ये अंगठा सापडला. अन्न वाया गेले, दुसरी ट्रॉली येईपर्यंत विमानाला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात नोटीस आली. कारण काय, तर दाराचा खटका नीट लावला नाही!

नोकरी जाणार हे जवळजवळ ठरले होते. वाचवले ते नोंदवहीतल्या दोन ओळींनी. तारीख, ट्रॉलीचा नंबर, काय बिघडले आहे, आणि खाली सोबतच्या दोघांच्या सह्या. वही पुढे ठेवल्यावर नोटीस मागे घेतली गेली, औषधपाण्याचा खर्च मिळाला, आणि वाकलेल्या दारांच्या अकरा ट्रॉल्या दुरुस्तीला गेल्या. त्या अकरा ट्रॉल्या त्याआधी रोज रात्री कोणत्या ना कोणत्या विमानात जातच होत्या.

आम्ही म्हणालो, "म्हणजे तुझी काहीच चूक नव्हती." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही मामा, होती. आजोबांसारखं दार ओढून पाहिलं असतं तर ते तिथंच उघडलं असतं. पण ओढलं की उघडणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ओढलं नाही. पट्टी लावली आणि पुढं गेलो. नाही म्हणायची भीती वाटली."

वाचकहो, या भीतीसाठीच आम्ही हा लेख लिहायला बसलो. कष्टकऱ्याच्या हातून खटका उघडा राहतो तो नेहमी आळसाने नव्हे. आठ-दहा तास उभे राहून हात थकतो. हात थकतो हे ज्यांनी विमान बांधले त्यांनाही कळले होते, म्हणून त्यांनी एका आडण्याच्या जागी दोन दिले. पण वाकलेला खटका सरळ करणे हे थकलेल्या हाताचे काम नाही. ते मालकाचे काम आहे. आणि वाकलेला खटका पाहून तो वाकलेला आहे असे लिहून ठेवणे, हे मात्र आपले काम आहे. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. शाईने लिहिलेले टिकते. आपल्या मुलांना आपण शिकवले ते कशासाठी? पहाटे तीन वाजता, वरचा माणूस घाई करीत असताना, दोन ओळी नीट लिहिता याव्यात यासाठीसुद्धा.

तेव्हा ज्या घरातली मुले अशा कामावर आहेत, त्यांच्या आईवडिलांनी एवढे जरूर सांगावे. दार लावले की मूठ सोडून ते एकदा ओढून पाहा. आवाजावर विसंबू नका. बोटे दाराच्या कडेला कधी ठेवू नका, मुठीवर ठेवा. दार सुटले तर माल पडू द्या, हात घालू नका. अन्न पुन्हा शिजते, अंगठा पुन्हा येत नाही. बिघडलेली वस्तू दोरीने, पट्टीने बांधून पुढे ढकलू नका, कारण पुढे ती कोणाच्या तरी अंगावर उघडेल. तक्रार लिहिताना तारीख, नंबर आणि साक्षीदार विसरू नका. कामावर इजा झाली तर त्याच दिवशी ती लिहून घ्या.

भाचा परत कामावर गेला. अंगठा अजून पुरता वळत नाही. जाताना त्याची आई स्टेशनावर आली होती, नोकरी सोड असे मात्र ती पुन्हा म्हणाली नाही. गाडी सुटायच्या आधी भाच्याने डब्यात पिशवी ठेवली, साखळी लावली आणि ती एकदा ओढून पाहिली. मग आमच्याकडे बघून हसला.