दारी झुलणारा हत्ती

सुमारे ८४ लाख रुपयांना घेतलेली, जीपच्या कुळातील एक आलिशान मर्सिडीज बेंझ दिल्लीतील एका गृहस्थांनी अवघ्या अडीच लाखांना विकल्याची बातमी २०२५ च्या जुलै महिन्यात प्रसिद्ध झाली आणि देशभर तिची चर्चा झाली. सहानुभूतीचा सारा ओघ विकणाऱ्याकडे गेला. घेणाऱ्याची चौकशी कोणी केली नाही. ८४ लाखांचा माल अडीच लाखांत पदरात पाडून घेणारा मनुष्य नशीबवानच असणार, हे सर्वांनी गृहीत धरले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या व्यवहारातील अधिक गंभीर प्रश्न घेणाऱ्याच्या दारात उभा राहतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीतील पंपांवर इंधन न देण्याचा आदेश अमलात आला आणि काही दिवसांतच स्थगित झाला. पुढे १२ ऑगस्टला, केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितले. या धरसोडीत भाव कोसळले नसते तरच नवल. जेथे बंदी नाही अशा राज्यांकडे या गाड्यांची पावले वळतात आणि महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या गावांतही ‘दिल्लीची गाडी, एकच मालक’ हे शब्द कानी पडू लागतात. नवी छोटी मोटार घेण्यासाठी ज्याने सहा-सात लाखांची जुळवाजुळव केली आहे, अशा प्राध्यापकाला किंवा बँकेतील कारकुनाला त्याच रकमेत जुनी रेंज रोव्हर वा ऑडी दिसते. मन चळते. दारी हत्ती झुलावा ही हौस आपल्या समाजात पेशवाईबरोबर संपलेली नाही आणि तिला हसण्याचेही कारण नाही.

हा हत्ती जन्मला तेव्हा मात्र बैलाच्या जातीचा होता. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर विक्रीस आली ती शेतावर आणि हमरस्त्यावर सारखीच चालावी म्हणून. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे, साडेतीन लिटरचे. आसने प्लॅस्टिकची, आणि चिखलाने माखलेला अंतर्भाग पाण्याच्या नळीने धुऊन काढता येई. तिचे रूपही असे डौलदार की, पुढे ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्रदर्शित झाली. नंतरच्या दशकांत धनिकांनी तिला आपलेसे केले. कातडी आसने आली, विजेवर चालणाऱ्या सोयी आल्या आणि १९९२ मध्ये तिच्या लांब आवृत्तीत पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या आल्या. शेतकऱ्याला जे अवजार गावच्या लोहाराकडून दुरुस्त करून घेता आले असते, त्याचे शंभर नाजूक यंत्रांचे संमेलन झाले. या वर्गातील इतर कंपन्यांच्या गाड्यांचा इतिहासही फारसा निराळा नाही.

या हवेच्या पिशव्यांचेच उदाहरण घ्यावे. एक काँप्रेसर त्यांत हवा भरतो, प्रत्येक चाकाजवळचा संवेदक उंची मोजतो आणि एक संगणक त्यांचा मेळ घालतो. खडकाळ वाटेवर गाडी वर उचलली जाते, माणसे चढताना खाली येते. नवी असताना ही मौज असते. वय झाले की रबराला बारीक चिरा पडतात, रात्रभर हवा गळते आणि सकाळी मालक दार उघडतो तो हत्तीने एका कोपऱ्यात गुडघा टेकलेला असतो. किल्ली फिरवली की गाडी पुन्हा उठते. म्हणून मालक दुरुस्ती पुढल्या पगारावर ढकलतो. गळती भरून काढण्यासाठी काँप्रेसरला वारंवार आणि अधिक वेळ चालावे लागते आणि एके दिवशी तोही जळतो. एका पिशवीचा खर्च टाळायला गेलेल्या माणसाच्या हाती दोन बिले येतात. जुन्या आलिशान गाडीत जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीची जात हीच आहे: ती थांबत नाही, थांबवली तर वाढते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी विसंगती आहे. समजा, ७० लाखांची गाडी दहा वर्षांनी सात लाखांना मिळाली. गाडीची किंमत दहा टक्क्यांवर आली. तिच्या गिअरबॉक्सची, हेडलाइटची वा काँप्रेसरची आली नाही. नवा सुटा भाग हा ७० लाखांच्या गाडीचाच भाग असतो, आणि तो परदेशातून येत असेल तर आयात शुल्क आणि रुपयाच्या विनिमय दरातील घसरण त्याच्याबरोबर येते. गाडी जुन्या भावाने मिळते, पण चालवावी लागते नव्या भावाने. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला या म्हणीला इतके चपखल उदाहरण क्वचित सापडेल.

पहिल्या मालकाला हा मसाला जड का वाटला नव्हता? अनेकदा अशी गाडी एखाद्या कंपनीच्या किंवा व्यवसायाच्या खात्यावर असते. धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकराच्या हिशेबात सामान्यतः दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. दुरुस्ती, विमा, इंधन हेही व्यवसायाच्या खर्चात जमा होते. म्हणजे भाराचा काही वाटा करकपातीच्या रूपाने सरकारी तिजोरी उचलते. पगारदाराला यांतील काहीच नाही. प्राप्तिकर कापून हाती आलेल्या रुपयातून तो बिल भागवतो. बहुतेक बँका इतक्या जुन्या गाडीवर कर्ज देण्यास नाखूश असतात, तेव्हा पैसा भविष्य निर्वाह निधीतून किंवा चढ्या व्याजाच्या वैयक्तिक कर्जातून उभा राहतो.

विमा आहे की, असे कोणी म्हणेल. पण मोटार विम्याची नेहमीची पॉलिसी यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई देतच नाही. अपघात झाला तरी रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो आणि गाडी दहा वर्षांवरची असेल तर धातूच्या भागांवरही तेवढाच. घसारा न कापणारी जादा हमी इतक्या वयाला सहसा मिळत नाही. नोंदणीचेही तसेच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. दहा वर्षांची गाडी घेतली तर हाती उरतात पाच. त्यानंतर तपासणी आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण. २०२२ च्या एप्रिलपासून त्याचे शुल्क साध्या मोटारीला ५ हजार आणि आयात केलेल्या मोटारीला ४० हजार रुपये झाले. वीस वर्षांवरील आयात मोटारीसाठी ते २०२५ मध्ये ८० हजारांवर गेले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर येतो तो वेगळाच.

तेव्हा कोसळलेला भाव ही बाजाराची चूक नाही. भावी बिलांची वजाबाकी करून उरलेला आकडा म्हणजे तो भाव होय. पण ही वजाबाकी अचूक करता येते ती विकणाऱ्याला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये, म्हणजे रेंज रोव्हरच्याच जन्मवर्षी, जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे असे की, गाडी चांगली की वाईट हे विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. म्हणून ग्राहक सरासरी भाव देऊ करतो. त्या भावाला चांगली गाडी विकणे परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि मागे उरतो तो गाळ. गाडी जितकी गुंतागुंतीची, तितके हे अज्ञान खोल. पूर्वीची जीप ओळखीच्या मेकॅनिकला तासाभरात पारखता येई. संगणकावर चालणाऱ्या गाडीत चुकांच्या नोंदी विक्रीच्या आदल्या दिवशी पुसताही येतात.

जुनी गाडी बाळगणे हा मूर्खपणाच, असा याचा अर्थ नाही. घडवलेली वस्तू अखेरपर्यंत वापरणे ही काटकसरच आहे. स्वतःच्या हाताने नटबोल्ट खोलणारा, घरात दुसरे वाहन असलेला आणि खरेदीइतकीच रक्कम बाजूला ठेवून बसलेला हौशी मनुष्य या हत्तीवर सुखाने बसू शकतो. अडचण होते ती ज्याची सारी शिल्लक खरेदीतच संपते त्याची. गिअरबॉक्सवर दीड लाख घातले म्हणून इंजिनावर एक लाख घालणे त्याला भाग वाटते. बुडीत खर्च हा पुढील खर्चाचा आधार होऊ शकत नाही, हे वर्गात शिकवायला सोपे असते. उभ्या गाडीकडे पाहून पटवून घेणे कठीण जाते.

ग्राहकाचे हे अज्ञान कायद्याने बरेच कमी करता येण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील मोटारीची दरवर्षी तपासणी होते आणि केवळ क्रमांक दिला की तिच्या मागील तपासण्यांचे निकाल, त्यांत निघालेले दोष, धावलेले मैल हे कोणालाही पाहता येते. अमेरिकेत १९८५ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला हमी आहे की नाही हे खिडकीवर चिकटवावे लागते. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम झाले, परंतु त्यांचा रोख व्यापाऱ्याची अधिकृतता आणि वाहनाची जबाबदारी निश्चित करण्यावर आहे. अधिकृत कार्यशाळांकडे प्रत्येक गाडीच्या भेटीची आणि बदललेल्या भागांची नोंद असते. ती नोंद हस्तांतराच्या कागदपत्रांबरोबर नव्या मालकाला देणे सक्तीचे करण्यास नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. परिवहन खात्याच्या अर्जाला एक जोडपत्र पुरेल.

रेंज रोव्हर बनवणारी कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे आणि २०२४ मध्ये या गाडीची जुळणी ब्रिटनबाहेर प्रथमच सुरू करण्याची घोषणा झाली, ती पुण्यासाठी. त्या गाड्या आज कारखानदारांच्या आणि शल्यविशारदांच्या दारी उभ्या आहेत. आणखी आठ-दहा वर्षांनी त्याच गाड्या जिल्ह्याच्या गावी, एखाद्या शिक्षकाच्या आवाक्यातील भावाने विक्रीस येतील. सोबत त्यांच्या दुरुस्तीची वही असावी की केवळ नवा रंग, हे परिवहन खात्याला आजच ठरवता येईल.