पंचवीस डिसेंबर आणि नर्सीची एकादशी : जन्मतारखेच्या वादाविषयी

डिसेंबर उजाडला की दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरू लागतात. एकीत २५ डिसेंबर हा येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस म्हणून निःशंकपणे सांगितलेला असतो. दुसरीत ही तारीख रोमन सूर्यपूजकांकडून उचललेली, सबब सण खोटा, असा निकाल दिलेला असतो. माझ्या मते दोन्ही पोस्टकर्त्यांचा आत्मविश्वास त्यांच्या पुराव्यापेक्षा मोठा आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

हा विषय हिंगोलीत बसून लिहिण्याचे एक कारण आहे. गेल्या कार्तिकात मी कयाधूकाठच्या नर्सी नामदेववर लिहिले होते. त्याखाली एका वाचकाने विचारले की नामदेवांचा जन्म नर्सीचाच हे सिद्ध नसेल, तर तेथे जयंती कशाची साजरी करता? प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. नाताळाविषयी विचारला जाणारा प्रश्नही नेमका हाच आहे. म्हणून दोहोंना एकच न्याय लावून पाहू.

प्रथम पुरावा. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत जन्मकथाच नाही. मत्तय आणि लूक ती सांगतात, परंतु दिवस किंवा महिना कोणीच देत नाही. वर्षाचाही मेळ बसत नाही. मत्तयाच्या मते जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला, आणि हेरोदाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इसवी सनपूर्व ४ मध्ये मानतात. लूक जन्माचा संबंध क्विरिनियसच्या जनगणनेशी जोडतो. इतिहासाला ठाऊक असलेली ती जनगणना इसवी सन ६ ची. मध्ये सुमारे दहा वर्षांची दरी! आपण वापरतो तो इसवी सन ५२५ च्या सुमारास डायोनिसियस एक्सिग्युअस या रोममधील भिक्षूने केलेल्या गणितातून निघाला. ते गणित चुकले असावे. तसे असेल तर ख्रिस्त ‘ख्रिस्तपूर्व’ काळात जन्मला, असे म्हणण्याची गमतीदार पाळी येते.

मेंढपाळ रात्री रानात होते, म्हणून हिवाळा असणे शक्य नाही, हा युक्तिवाद तुम्ही वाचला असेल. तो मला फारसा भक्कम वाटत नाही. साहित्यकृतीतील एका दृश्यावरून ऋतू ठरवणे हे कच्चे काम आहे.

आता तारीख. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट नमूद करतो की काही लोक ख्रिस्तजन्माचा दिवस सांगतात. त्याने दिलेल्या तारखांपैकी एक आपल्या २० मे रोजी येते. डिसेंबरचा उल्लेख त्यांत नाही. पुढच्या काही दशकांत ओरिजेन नावाचा विद्वान तर जन्मदिवस साजरा करण्याचीच टर उडवतो. पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे कोण, तर फारो आणि हेरोद, असा त्याचा टोला आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना महत्त्व होते ते मृत्यूच्या दिवसाचे. हुतात्मा ज्या दिवशी गेला, तोच त्याचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जाई.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण ही रीत आपल्या ओळखीची आहे. आळंदीची कार्तिक वद्य त्रयोदशी, देहूची बीज, पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेवांची आषाढ वद्य त्रयोदशी या सर्व समाधीच्या किंवा प्रयाणाच्या तिथी आहेत. वारकरी परंपरेने निरोपाचे दिवस पक्के लक्षात ठेवले, जन्माचे तितके नाही. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९३ चा की ११९७ चा, हा वाद जुनाच आहे; तुकोबांच्या जन्मवर्षाचीही तीच गत आहे. यात आश्चर्य नाही. मूल जन्मते तेव्हा ते पुढे कोण होणार हे कोणास ठाऊक असते? नोंद ठेवण्याजोगा माणूस झाल्यावर लोक मागे वळून तिथी शोधू लागतात.

आणि शोधताना ती बहुधा आधीच पवित्र असलेल्या दिवशी सापडते. परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म श्रावण वद्य अष्टमीला, म्हणजे कृष्णजन्माच्या दिवशी मानला. नामदेवांचा कार्तिक शुद्ध एकादशीला, शके ११९२, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी. पंढरीच्या कार्तिकीचाच हा दिवस. हे योगायोग असू शकतील. पण हीच गोष्ट रोममध्ये घडली की आपण लगेच ‘चोरी’ म्हणतो, एवढे लक्षात घ्यावे.

रोमचा पुरावाही नीट पाहू. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगसंग्रहात येतो. त्यातील ती यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. त्याच संग्रहातील नागरी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरला ‘अजिंक्य’ देवाचा जन्मदिवस नोंदलेला आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्य, असे बहुतेक मानतात. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्यदेवाचे मंदिर उभारले हे खरे. परंतु त्याने २५ डिसेंबरलाच उत्सव सुरू केला, असे सांगणारा समकालीन पुरावा नाही. दोन्ही नोंदी एकाच संग्रहात भेटतात. कोणी कोणाचे उचलले, हे त्यावरून ठरत नाही.

दुसरी उपपत्ती गणिताची आहे. क्रूसावरील मृत्यू २५ मार्चला झाला, अशी एक समजूत पश्चिमेत होती. गर्भधारणाही त्याच तारखेस झाली असे मानले, की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे हाच हिशेब ६ एप्रिलपासून केला की ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते. मला ही उपपत्ती अधिक पटते. तीही जन्माची नोंद देत नाही. मात्र लोकांनी तारीख कशी ठरवली असेल ते सांगते.

मग ख्रिस्ती माणसाने नाताळ साजरा करावा का? हा प्रश्न नास्तिकांनी काढलेला नाही. तो चर्चच्या आतून उठला आहे. शास्त्रात आज्ञा नाही, तारीख नाही, आणि सणाच्या नावाखाली मद्यपान मात्र भरपूर, असा प्युरिटन पंथीयांचा आक्षेप होता. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये हा सण रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. तेथे नाताळची अधिकृत सुटी आली १८५६ मध्ये.

या वर्षांचा महाराष्ट्राशी संबंध आहे. १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलेले आणि पुढे अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक ज्या मिशनशी जोडले गेले ते हेच. आमच्या मराठवाड्यात जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम उभारले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये आली. म्हणजे मराठी मुलखात शुभवर्तमान आणणाऱ्यांपैकी काहींच्या मायदेशीच हा सण संशयास्पद होता. याउलट गोव्याकडून आलेल्या कॅथलिक परंपरेने आपल्याला सणाबरोबर शब्दही दिला. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज ‘नाताल’ वरून आलेला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘जन्माचा’ या अर्थाचा शब्द आहे.

माझे मत असे. प्युरिटनांचा आक्षेप मला मान्य नाही, पण तो प्रामाणिक आहे. आज्ञा नाही म्हणून सण पाळायचा नाही, असे कोणी ठरवले तर ती त्याची निष्ठा. पौलानेही रोमकरांस लिहिताना दिवस मानणे न मानणे ज्याच्या त्याच्या मनावर सोपवले आहे. तारीख चुकली म्हणून सण सोडा, हे मात्र तर्काला धरून नाही. सण हा जन्मदाखला नव्हे. एखाद्या समाजाने अमुक दिवशी एकत्र येऊन आठवण करायची असे ठरवलेले असते, आणि तो ठराव स्वतःच एक ऐतिहासिक घटना असतो. ३३६ च्या सुमारास रोममध्ये ती घडली.

पुरावा सापडला तर काय? शिवजन्माचे उदाहरण घ्या. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी रूढ असताना जेधे शकावलीतून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ पुढे आली, आणि महाराष्ट्र शासनाने अखेर १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारली. कागद बोलू लागला की इतिहासकाराने गप्प बसू नये. बेथलेहेमविषयी असा कागद नाही, म्हणून २५ डिसेंबरला ‘परंपरेने मानलेला दिवस’ म्हणावे, आणि सणाच्या दिवशी दिवे लावणाऱ्याला पुराव्यासाठी अडवू नये.

राहिला नर्सीचा प्रश्न. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून कृष्णाकाठचे नरसिंगपूर आणि खुद्द पंढरपूर यांचीही नावे घेतली जातात. रा. गो. भांडारकरांनी तर भाषेच्या आधारे नामदेवांना ज्ञानदेवांनंतर सुमारे शतकभराने ठेवले होते. या मतांची उत्तरे देण्याचा प्रयत्न झाला आहे, तो वाचावा. मी नर्सीच्या बाजूचा आहे, आणि त्यात जिल्ह्याचा अभिमान किती व पुरावा किती, हे मला नेहमी वेगळे काढता येत नाही. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला मात्र नर्सीत पाय ठेवायला जागा नसते. ती तिथी जन्माचीही नाही आणि समाधीचीही नाही; पंढरपूरहून परतणाऱ्यांची आहे.