कुरणात गेलेली शाळा

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो आणि दिवाळी सुरू होते. जव्हार-डहाणूकडच्या पाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस असते. वर्षभर गुरे राखणारे लोक वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरावासरांना सांभाळ म्हणून साकडे घालतात. पाड्यावरच्या पोराला हे सगळे पाठ असते. त्याच्या शाळेत मात्र त्याला हे कुणी विचारत नाही.

मुलाच्या घरच्या जगातूनच त्याला शिकवायची वाट महाराष्ट्राला कधी सुचलीच नव्हती असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत. मग शाळाच गुरांमागे नेऊ, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा भरवली. खडे, पाने, बिया, शिंपले ही तिथली शैक्षणिक साधने. हे धाडस आजही मला थक्क करते.

पुढे आपण नेमके उलटे केले. सहा वर्षांचे मूल घरातून उचलून आश्रमशाळेत ठेवले. ती उघडते जूनमध्ये, म्हणजे रान बोलायला लागते तेव्हाच. पावसाळ्यात आजी कडूकंद खणून आणते. त्याच्या चकत्या करते, उकडते, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवते, तेव्हा कुठे त्यातले विष उतरते. वेल कसा ओळखायचा, पुढच्या वर्षी फुटावा म्हणून कंदाचा कोणता भाग मातीत ठेवायचा, हे ती हात चालवता चालवता आपल्या बोलीत सांगते. नातू त्या वेळी वसतिगृहात ताट घेऊन रांगेत उभा असतो.

म्हणून कोरकू, कातकरी, माडिया भाषांत पुस्तिका छापल्या, भिंतीवर वारली चित्रे काढली की काम झाले, हे मला मान्य नाही. पुस्तिका हव्यातच. पण रान, शेत आणि जाणती माणसे शाळेबाहेर ठेवून भाषा किती दिवस तग धरणार?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावने हे ओळखले. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो. त्यातले ‘शक्य तोवर’ फार सोयीचे ठरले आहे.

आईबापांना मराठी-इंग्रजी हवी असते, आणि त्यांचे बरोबर आहे. नोकरी, कचेरी, दवाखाना सगळे त्याच भाषांत चालते. पण घरच्या भाषेत नीट वाचू लागलेले मूल दुसरी भाषाही लवकर आपलीशी करते. गप्प बसवलेले मूल कोणतीच शिकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. ज्यांना आपल्या भाषेचा मान इतका मोलाचा वाटतो, त्यांनीच आता गोंडी आणि कोरकूच्या बाजूने बोलायला हवे. माझी मागणी साधी आहे: ग्रामसभेने निवडलेल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना वेळापत्रकात तास द्या, त्या तासाचे मानधन द्या, आणि कंद खणायच्या, भात कापायच्या दिवसांत मुलांना घरी, शेतावर राहू द्या. तो अभ्यासच आहे, त्याची हजेरी मांडा.