शेतातील विष आणि नदीतील जीव

बुलढाणा हा कापसाचा जिल्हा आहे. बोंडअळीपासून पीक वाचावे म्हणून शेतकरी जे फवारतो, त्याला तो ‘औषध’ म्हणतो. परंतु पावसाची एखादी जोराची सर आली की पानांवरचे आणि मातीतले ते औषध ओढ्यांवाटे नळगंगा, पैनगंगा, पूर्णा या नद्यांत उतरते. तेथील जीवांच्या दृष्टीने ते विषच होय.

सायपरमेथ्रिनसारखे द्रव्य माणसाला तुलनेने सौम्य मानले जाते. माशाच्या शरीरात मात्र त्याचे विघटन फार सावकाश होते. म्हणून पाण्यातील अत्यल्प अंशही माशाला मारक ठरतो. शिंपला पाणी गाळून पोट भरतो. विषाची चाहूल लागताच तो शिंपा मिटून घेतो. पण श्वास आणि अन्न यांसाठी तो पुन्हा उघडावाच लागतो, आणि विष शरीरात शिरते. त्याची पिल्ले काही काळ माशाच्या अंगाला चिकटून वाढतात. सबब मासे संपले की शिंपल्याचा वंशही खुंटतो.

एका शिंपल्याची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. बुलढाणा शहराला पाणी देणारे येळगाव धरण पैनगंगेवरच आहे, हे त्याने ध्यानात घ्यावे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने जलचरांच्या जीविताची हानीही प्रदूषणाच्या व्याख्येत धरली आहे. पण कायद्याची नजर कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाकडे जाते. शेताला असा नळ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानला मनाई केली, हे उचितच झाले. परंतु एका विषाची जागा दुसऱ्याने घेतली, तर ओढ्याच्या पदरी काय पडले?

यात शेतकऱ्याला आरोपी करणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूरच दगावले. कर्तव्य आहे ते शासनाचे आणि विक्रेत्यांचे. फवारणीच्या हंगामात ओढ्यांचे पाणी तपासून निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. रिकामे डबे दुकानदारांनी परत घ्यावेत. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखण्यास साहाय्य द्यावे, आणि फवारणीचे पंप वाहत्या पाण्यात धुतले जाणार नाहीत, हे गावाने पाहावे.

यास मोठा निधी लागत नाही. मासा किंवा शिंपला अर्ज घेऊन कचेरीत येणार नाही. तो अर्ज पाणी पिणाऱ्या नागरिकांनीच करावयाचा आहे.